बासर : विद्येच्या क्षेत्राची वस्ती

एखाद्या क्षेत्राची लोकसंख्या केवळ शिरगणतीच्या आकड्यांवरून सांगता येते काय? निर्मल जिल्ह्यातील बासर पाहिले म्हणजे तसे म्हणवत नाही. गोदावरीच्या उत्तर तीरावरील या गावी श्रीज्ञानसरस्वतीचे देवालय आहे. व्यासांनी नदीतील तीन मुठी वाळू आणून सरस्वती, लक्ष्मी व काली यांच्या मूर्ती घडविल्या, आणि व्यासांच्या वास्तव्यावरून गावास वासर, पुढे बासर हे नाव पडले, अशी क्षेत्रकथा आहे. मुलांच्या अक्षराभ्यासासाठी तेलंगणातून तसेच नांदेडकडूनही कुटुंबे येथे येतात. वसंतपंचमीस तर गावात पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही.

या येण्याजाण्यास इतिहासाचा आधार आहे. १९५६ पूर्वी बासर ज्या मुधोळ तालुक्यात होते, तो तालुका हैदराबाद संस्थानाच्या नांदेड जिल्ह्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादेस जोडला गेला. उलट आदिलाबादेतील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. रेघ बदलली, घरची भाषा मात्र एका दिवसात बदलत नाही. मुधोळ-भैंसा भागात मराठी बोलणारी घरे आजही आहेत. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर बासर व धर्माबाद ही स्थानके जवळजवळ असून दोहोंमध्ये राज्याची सीमा आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि बासर निर्मलकडे गेले.

दरम्यान २००८ साली राजीव गांधी युनिव्हर्सिटी ऑफ नॉलेज टेक्नॉलॉजीज या विद्यापीठाचे एक केंद्र बासरास स्थापन झाले. दहावीनंतर सहा वर्षांचा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम, आणि प्रवेश मुख्यतः ग्रामीण भागातील मुलामुलींना, अशी ही योजना. हजारो विद्यार्थी येथे निवास करून शिकतात. अशा रीतीने गावात तीन वस्त्या नांदतात : पिढीजात रहिवाशांची, यात्रेकरूंची आणि विद्यार्थ्यांची. पहिली शेती व देवालय यांवर जगते. दुसरी सकाळी येऊन सायंकाळी जाते. तिसरी सहा वर्षे राहून पांगते.

या तिन्ही वस्त्यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे अक्षर. म्हणून सीमेवरील मराठी कुटुंबांस आमचे एवढेच सांगणे आहे की, देवीपुढे पाटीवर जे पहिले अक्षर मुलाकडून गिरवून घेता, ते घरी परतल्यावरही चालू ठेवावे. तेलुगू शिकावी, इंग्रजीही शिकावी. परंतु मातृभाषेचे वाचन घरात थांबले, तर ती बोली शिरगणतीच्या कागदावर राहील आणि मुलांच्या ओठांवरून जाईल.