खानापूर रोडवरचे नांगर आणि प्रोजेक्ट

बेळगावातून खानापूरकडे निघाले की टिळकवाडी मागे पडते आणि उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, मशीन शॉप सुरू होतात. पुढे पिरनवाडी क्रॉस. तिथून जांबोटीचा रस्ता फुटतो, तर खानापूरच्या रस्त्याने तसेच पुढे गेले की मच्छे आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे आवार लागते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुले तिघाचौघांचा गट करून प्रोजेक्ट उभे करतात. लोकांची एखादी खरी अडचण हेरायची आणि तिच्यावर यंत्र काढायचे, असा हा खटाटोप. या पट्ट्याला तो नवा नाही. विद्यापीठ यायच्या 95 वर्षे आधी इथेच एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याने लोखंडी नांगर घडवला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. 1885 मध्ये ते चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग त्यांना ओळखू येत नव्हते, त्यामुळे चित्रकार होण्याची वाट बंद झाली. रेषा मात्र पक्की होती. त्यांनी यंत्रांची ड्रॉइंग काढायला घेतली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तिथे बढतीत डावलले गेल्यावर 1897 च्या सुमारास नोकरी सोडून ते बेळगावला परतले. थोरले बंधू रामूअण्णा तिथे सायकलींचे दुकान चालवत होते. हे दुकान 1888 मधले. शहरातला किर्लोस्कर रोड आजही त्या घराण्याचे नाव सांगतो.

दुकानामागे छोटा कारखाना उभा राहिला. शिकवायला कुणी नव्हते. यंत्रविद्येची अमेरिकन मासिके मागवायची, आकृत्या निरखायच्या आणि हाताने करून पाहायचे. आधी कडबा कापायचे यंत्र निघाले. त्याची गरज समजावून सांगावी लागत नव्हती: अख्खा कडबा टाकला तर जनावर पाने खाते आणि दांडे तुडवते, तुकडे केले की वैरण वाया जात नाही. मग 1903 मध्ये लोखंडी नांगर तयार झाला.

तो घ्यायला कुणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, ती नापीक होते, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगराची सवय. तो गावचा सुतार बनवायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा, आणि त्याची मजुरी बलुत्यातून भागायची. लोखंडी नांगराला रोख पैसे लागत. शिवाय ऐन पेरणीत तो मोडला तर जायचे कुठे, हा सवाल होताच. पहिली विक्री व्हायला जवळपास दोन वर्षे गेली.

गंमत अशी की मच्छेच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे गाजलेले संशोधनही 1903 मधलेच. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून 1883 मध्ये इंजिनिअर होऊन बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासला धरणाच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. या रचनेचे पेटंटही त्यांनी घेतले. पण दरवाजांसाठी पटवायचे होते ते एका सरकारी खात्याला, आणि विश्वेश्वरय्या त्याच खात्यात होते. नांगराचे गिऱ्हाईक बांधाबांधावर विखुरलेले होते आणि प्रत्येकाची शंका वेगळी होती.

शेतकरी वळू लागला, तर जागेचे संकट आले. ठळकवाडीत, म्हणजे आजच्या टिळकवाडीत, नवी वस्ती वसवायची म्हणून बेळगाव नगरपालिकेने किर्लोस्करांना जागा सोडायला सांगितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ आणि कर्जाऊ पैसे दिले. 10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडीचा पाया पडला. नांगर गाजला तो त्या वाडीच्या नावाने.

पुढे बेळगावने कारखान्यांसाठी गावाबाहेर मुद्दाम जागा राखली, तीच उद्यमबाग. शहराची ओळख ओतकामासाठी होऊ लागली. 1979 मध्ये गोगटे इन्स्टिट्यूट आणि केएलई ही दोन इंजिनिअरिंग महाविद्यालये सुरू झाली. दोन्ही उद्यमबागेतच आहेत, म्हणजे वर्ग आणि भट्टी यांच्यात चार पावलांचे अंतर. 1998 मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि कर्नाटकातल्या बहुतेक इंजिनिअरिंग महाविद्यालयांचा कारभार बेळगावातून चालू लागला.

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला सरकारी हातभार लावायची प्रथा त्याहून जुनी आहे. कर्नाटक राज्य विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषद सत्तरच्या दशकापासून निवडक प्रोजेक्टना थोडी आर्थिक मदत देते आणि त्यातले चांगले प्रोजेक्ट राज्य पातळीवरच्या प्रदर्शनात मांडते. 2017 पासून देशभर स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन भरते. त्यात मंत्रालये आणि सरकारी खाती आपापल्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे ठेवतात. खडकवासल्याच्या दरवाजांसारखेच हे आहे: अडचण खात्याची, उपाय तपासणारेही खातेच.

शेतासाठी, गोठ्यासाठी किंवा गुऱ्हाळासाठी यंत्र काढणाऱ्या गटाची गाठ मात्र नांगराच्या गिऱ्हाइकाशी पडते. मॉडेल चालले, परीक्षकांनी गुण दिले, की गट पांगतो. कुणी पुण्याला, कुणी बेंगळुरूला. यंत्र बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, सुटा भाग कुठे मिळणार, पैसे हंगामाआधी द्यायचे की नंतर, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. किर्लोस्करांनी नांगर घडवल्यावर जी दोन वर्षे गिऱ्हाइकाविना काढली, तेवढा काळ शेवटच्या वर्षाच्या वेळापत्रकात मावत नाही. तो काढायचा तर पदवीनंतर कुणाला तरी पिरनवाडीच्या आसपास गाळा घेऊन बसावे लागेल, आणि ओतकामासाठी उद्यमबाग तिथून हाकेच्या अंतरावर आहे.