मुरघासाच्या नेपिअरला कोणतं खत परवडतं? पोत्याचा भाव सोडा, किलोचा हिशोब करा

भंडारा : जिल्ह्याची शेती धानाची. धान निघालं की ढोरांपुढे वर्षभर पडते ती तणीस. तणसीने पोट भरतं, पण दूध वाढत नाही. त्यामुळे विहिरीजवळ, बोडीच्या पाळीखाली किंवा धुऱ्यालगत पाव-अर्धा एकर संकरित नेपिअर लावायचं, पावसाळ्यात जास्तीचा चारा निघाला की त्याचा मुरघास करायचा आणि एप्रिल ते जून तो पुरवायचा, ही पद्धत दुधाच्या दोन-चार जनावरांवर घर चालवणाऱ्यांना सोयीची आहे.

अडचण खताची येते. नेपिअर वर्षातून सहा-सात वेळा कापलं जातं आणि प्रत्येक कापणीनंतर खत मागतं. धानाला टाकून उरलेलं डीएपी किंवा मिश्र खताचं पोतं इथे ओतलं, तर दुधातून येणारा पैसा खतातच जिरतो. आणि चुकीच्या वेळी युरिया टाकला, तर मुरघास बिघडतो, जनावराच्या जिवावरही बेतू शकतं.

नेपिअर जमिनीतून किती उचलतं?

ओलिताची सोय असलेल्या चांगल्या एकरभर नेपिअरमधून एका कापणीला साधारण १० टन हिरवा चारा निघू शकतो. त्यातलं पाणी वजा केलं तर कोरडा चारा उरतो जवळपास २ टन. एवढ्या चाऱ्यासोबत जमिनीतून सुमारे २५ ते ३० किलो नत्र आणि ४० ते ५० किलो पालाश निघून जातं. स्फुरद त्या मानाने बरंच कमी जातं.

म्हणजे गवताची मोठी भूक नत्राची आणि पालाशची. डीएपीच्या पोत्यात मात्र नत्र कमी, स्फुरद जास्त आणि पालाश अजिबात नाही. लागवडीच्या वेळी डीएपी चालतं, कारण मुळं धरायला स्फुरद लागतं. पण दर कापणीला डीएपी म्हणजे गवताने न मागितलेल्या वस्तूचे पैसे मोजणं.

एका किलोचा भाव कसा काढायचा?

पोत्यावर छापलेले आकडे टक्क्यांचे असतात. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. चौथा आकडा असला तर तो गंधकाचा. टक्क्यांना पोत्याच्या वजनाने गुणून शंभरने भागलं की आत अन्नद्रव्य किती किलो आहे ते कळतं.

- युरिया (४६ टक्के नत्र) : ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र. पोतं २६६ रुपये ५० पैशांचं, म्हणजे नत्र किलोला सुमारे १३ रुपये.
- डीएपी (१८:४६) : ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. पोतं १३५० रुपयांचं. त्यातल्या नत्राचे १३ रुपयांनी ११७ रुपये वजा केले, तर स्फुरद पडतं किलोला सुमारे ५४ रुपये.
- सिंगल सुपर फॉस्फेट (१६ टक्के स्फुरद) : ५० किलोच्या पोत्यात ८ किलो स्फुरद, शिवाय साधारण साडेपाच किलो गंधक.
- म्युरेट ऑफ पोटॅश (६० टक्के पालाश) : ५० किलोच्या पोत्यात ३० किलो पालाश.

सुपर फॉस्फेट आणि पोटॅशचे भाव कंपनीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून पोत्यावरची एमआरपी पाहूनच हिशोब करावा. सुपर फॉस्फेटचं पोतं सुमारे ४३० रुपयांपर्यंत मिळत असेल तर त्यातलं स्फुरद डीएपीच्या भावातच पडतं आणि गंधक फुकट मिळतं. त्याहून महाग असेल तर वरचे पैसे गंधकाचे. जमिनीत गंधक कमी असेल तरच ते द्यावेत.

मिश्र खतालाही हाच तराजू लावता येतो. २०:२०:०:१३ च्या ५० किलोच्या पोत्यात १० किलो नत्र आणि १० किलो स्फुरद असतं. वरच्या भावाने त्यांची किंमत १३० अधिक ५४०, म्हणजे ६७० रुपये. पोत्यावरच्या एमआरपीतून ६७० वजा करा. जे उरलं ते साडेसहा किलो गंधकाचे आणि मिश्रणाचे पैसे.

लागवडीचं खत : एकरी हिशोब

समजा माती परीक्षणाप्रमाणे एकरी २० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश द्यायचं आहे. ते दोन प्रकारे भागतं.

पहिला प्रकार : डीएपी ४३ ते ४४ किलो, युरिया २६ ते २७ किलो, पोटॅश २७ किलो. दुसरा प्रकार : सुपर फॉस्फेट अडीच पोती, युरिया ४३ ते ४४ किलो म्हणजे जवळपास एक पोतं, पोटॅश २७ किलो. पोटॅश दोन्हीकडे सारखंच. उरलेल्या खतांचा खर्च पहिल्या प्रकारात सुमारे १३३० रुपये येतो. दुसऱ्याचा खर्च सुपर फॉस्फेटच्या भावावर ठरतो. त्याचं पोतं ४३० ला असेल तर दोन्ही सारखे. ५०० ला असेल तर दुसरा प्रकार पावणेदोनशे रुपयांनी महाग, पण त्यात १३-१४ किलो गंधक जास्तीचं.

सुपर फॉस्फेट आणि पोटॅश लावणीच्या वेळी सरीत शेणखतासोबत द्यावं. युरिया अर्धा लावणीला आणि अर्धा ठोंब फुटून महिना झाल्यावर.

कापणीनंतरचं खत : खरी बचत इथेच

प्रत्येक कापणीनंतर एकरी १५ किलो नत्र द्यायचं धरलं, तर युरिया लागतो ३३ किलो, म्हणजे पाऊण पोतं. खर्च १९५ रुपये. तेवढंच नत्र डीएपीतून द्यायचं तर ८३ किलो डीएपी लागेल आणि खर्च येईल सुमारे २२५० रुपये. दहा टन चारा निघाला असं धरलं तर युरियाने टनामागे वीस रुपये पडतात, डीएपीने सव्वादोनशे.

नॅनो युरियाबाबतही वजन पाहावं. चार टक्के नत्राच्या ५०० मिलीच्या बाटलीत नत्र असतं सुमारे २० ग्रॅम, वीस टक्क्यांच्या बाटलीत सुमारे १०० ग्रॅम. कापणीला २५ किलो नत्र उचलणाऱ्या गवताची भूक फवारणीने भागत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात नेहमीच्या युरियाचा काही भाग कमी करून नॅनो युरिया वापरल्यावर धान आणि गहू दोन्हींचं उत्पादन घटलं होतं.

आधी गोठ्यातलं, मग दुकानातलं

कापणीला २५-३० किलो नत्र जातं आणि युरियातून १५ किलो येतं. उरलेलं कुठून भरायचं? गोठ्यातून. चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या एका टनात साधारण ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद आणि ५ किलो पालाश असतं. त्यातलं नत्र पहिल्याच हंगामात सगळं लागू होत नाही, पाव ते तिसरा हिस्साच मिळतो. पण पालाश बरंचसं मिळतं आणि जमीन भुसभुशीत राहते.

घरोघरी वाया जातं ते मूत्र. एक मोठं जनावर दिवसाला सहा ते दहा लिटर मूत्र सोडतं. पाच जनावरांचं दीड महिन्याचं मूत्र जवळपास १८०० लिटर होतं. त्यातलं अर्धं नत्र हवेत उडालं तरी पाच-सात किलो नत्र हाती राहतं, सोबत भरपूर पालाश. गोठ्याला उतार आणि एक नाली काढून धुण्याचं पाणी सरळ नेपिअरमध्ये सोडलं, की हे काम फुकटात होतं. गोबरगॅस असेल तर त्याची स्लरीही इथेच वळवावी.

बहुतेक घरी नेमकं उलट होतं. गवत नेपिअरच्या वावरातून येतं आणि शेणखत जातं धानाच्या बांधीत. दोन-तीन वर्षांनी ठोंब बारीक पडतात, पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसतात. ही बऱ्याचदा पालाश संपल्याची खूण असते. वर्षाला एक-दोन ट्रॉली खत नेपिअरच्या नावाने राखून ठेवलं तर पोटॅशचं पोतं विकत घेण्याची गरज कमी होते. चुलीच्या राखेतही पालाश असतं, पण राख युरियात किंवा ओल्या शेणात मिसळू नये. मिसळली तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

सिहार, बरडीत वेगळं, कन्हारात वेगळं

सिहार आणि बरडी जमिनी हलक्या. पाण्यासोबत नत्र आणि पालाश दोन्ही खाली झिरपतात. तिथे एका कापणीचा युरिया दोन हप्त्यांत द्यावा : पहिला कापणीनंतर तीन-चार दिवसांत, दुसरा त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी. काळ्या कन्हार जमिनीत पालाश सहसा बरं असतं, त्यामुळे परीक्षण न करता पोटॅश टाकणं म्हणजे बऱ्याचदा पैसे मातीत घालणं. पाणी साचणाऱ्या बांधीत नेपिअर लावूच नये. खत वाहून जातं आणि ठोंबही सडतात. अशा जागी पॅरा गवत बरं.

माती परीक्षण हाच सगळ्यात स्वस्त सल्ला. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून सुरू आहे आणि पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त यांच्यासह बारा गोष्टी तपासून येतात. धानाच्या बांधीची पत्रिका नेपिअरच्या तुकड्याला लावू नये, त्याचा नमुना वेगळा काढावा. नमुना कसा घ्यायचा आणि कुठे द्यायचा हे गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येतं. जस्त कमी निघालं तर झिंक सल्फेट द्यावं, पण ते सुपर फॉस्फेट किंवा डीएपीमध्ये कालवू नये.

मुरघासासाठी युरियाची वेळ महत्त्वाची

मुरघास बनतो तो चाऱ्यातल्या साखरेवर. साखरेचं आंबवण होऊन आम्ल तयार होतं आणि चारा टिकतो. नेपिअरमध्ये मक्यापेक्षा साखर कमी आणि पाणी जास्त. त्यात कापणीच्या तोंडावर युरिया टाकला तर गवत हिरवंगार दिसतं, पण साखर आणखी घटते, न पचलेलं नत्र नायट्रेटच्या रूपात साठतं, मुरघासाला घाण वास येतो आणि जनावर तोंड लावत नाही. नायट्रेट फार वाढलं तर विषबाधाही होते : धाप लागते, तोंडातली कातडी निळसर-तपकिरी पडते. अशा वेळी चारा लगेच बंद करून पशुवैद्यकाला बोलवावं.

म्हणून युरिया आणि कापणी यांच्यात किमान तीन ते चार आठवडे अंतर हवं. पावसाने मोठा खंड देऊन नंतर सर आली असेल, तर लगेच कापू नये, आठ-दहा दिवस थांबावं. युरिया ओल असताना द्यावा किंवा देऊन लगेच पाणी सोडावं. कोरड्या मातीवर पडलेला युरिया उन्हात उडतो, साचलेल्या पाण्यात पडलेला वाहून जातो.

कापणी ४५ ते ६० दिवसांची, फार जरठ होऊ न देता करावी. कापलेलं गवत अर्धा ते एक दिवस सुकवावं. मुठीत कुटी दाबून पाहावी : पाणी गळलं तर अजून ओलं, गोळा हळूहळू उलगडला तर बरोबर. कुटी दोन-तीन सेंटिमीटरची. क्विंटलला एक-दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडावा, थर दाबून हवा काढावी आणि बॅग किंवा खड्डा दीड महिना बंद ठेवावा.

दुकानात जाताना

रोवणीच्या दिवसांत युरियासाठी सगळ्यांची एकच धावपळ असते. नेपिअरला लागणारी दोन-तीन पोती आधीच घेऊन ठेवली किंवा त्या महिन्यात गोठ्याच्या पाण्यावर भागवलं तर रांग टळते. युरियासोबत दुसरी बाटली किंवा पुडी घ्यायलाच लावणं, म्हणजे लिंकिंग, नियमात बसत नाही. पॉस मशीनची पावती मागावी, एमआरपीपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत आणि तक्रार असल्यास तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे पावतीसह जावं.

घरी आणलेला युरिया कोठ्यात ठेवू नये. मीठ समजून जनावर चाटतं आणि थोड्या वेळात पोट फुगून दगावू शकतं. रिकामं पोतं किंवा युरिया कालवलेली बादलीही पिण्याच्या पाण्याजवळ राहू देऊ नये.

थोडक्यात

- लागवडीला स्फुरद आणि शेणखत, कापणीनंतर नत्र. दर कापणीला डीएपी नको.
- पोत्याच्या भावाला आतल्या किलोने भागा, मग खत निवडा.
- गोठ्याचं पाणी आणि वर्षाला एक-दोन ट्रॉली शेणखत नेपिअरच्या नावाने राखा.
- पोटॅश, गंधक, जस्त पत्रिकेत कमी दिसलं तरच घ्या.
- युरियानंतर तीन-चार आठवडे झाल्याशिवाय मुरघासासाठी कापू नका.
- धुऱ्यावर दशरथ घास, ओळींमध्ये चवळी घेतली तर चाऱ्यातली प्रथिनं वाढतात आणि ढेपेचा खर्च हलका होतो.