मिश्री : सेवन, व्यसन आणि परिणाम

मिश्री म्हणजे तंबाखूची पाने तव्यावर किंवा पत्र्यावर काळी पडेपर्यंत भाजून केलेली आणि बोटाने दातांना व हिरड्यांना लावली जाणारी पूड. अनेक ठिकाणी तिला मशेरी असेही म्हणतात. ती प्रामुख्याने महाराष्ट्र व गोवा या भागांत, आणि त्यातही ग्रामीण व कष्टकरी कुटुंबांतील स्त्रियांमध्ये वापरली जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ व्यक्ती धूररहित तंबाखूचे सेवन करीत होत्या, तर धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण केवळ ३.८ टक्के होते. यावरून या राज्यातील तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडात धरलेल्या तंबाखूचा आहे, हे स्पष्ट होते.

मिश्रीची सुरुवात बहुधा व्यसन म्हणून होत नाही. दात दुखतो म्हणून, दात स्वच्छ राहतात या समजुतीने, किंवा घरातील आई, सासू अथवा आजी लावते म्हणून मुलगी ती लावू लागते. पुडीतील निकोटिन तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतून रक्तात शोषले जाऊन मेंदूत पोहोचते आणि तेथे डोपामिन या, सुखद अनुभव पुन्हा घ्यावासा वाटायला लावणाऱ्या, रसायनाचा स्राव वाढवते. वारंवार सेवनाने मेंदू या मात्रेला सरावतो व तेवढ्याच परिणामासाठी अधिक पूड लागू लागते. यास सहनशीलता म्हणतात. सकाळी दात घासताना लावली जाणारी मिश्री मग जेवणानंतर, कामाच्या मध्ये आणि झोपण्यापूर्वीही लागते. ती न मिळाल्यास डोके दुखणे, चिडचिड, अस्वस्थता आणि बद्धकोष्ठता अशी विरहलक्षणे दिसतात. ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही अनेक स्त्रियांची तक्रार खरी असते, मात्र ती मिश्रीच्या औषधी गुणाची नव्हे, तर शरीर निकोटिनवर अवलंबून झाल्याची खूण असते. निकोटिनमुळे भूक मंदावत असल्याने अपुऱ्या अन्नावर राबणाऱ्या बाईला तिचा आधारही वाटतो, आणि म्हणून या सवयीला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे.

भाजण्याच्या क्रियेत बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे तयार होतात, त्यामुळे तंबाखूच्या मूळ घातक द्रव्यांत भर पडते. दीर्घकाळ सेवनाने हिरड्या दातांपासून सुटतात, तोंडात पांढरे चट्टे उठतात व पुढे त्यांचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. गर्भावस्थेतील हानी तितकीच गंभीर आहे : मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले आणि मुदतपूर्व प्रसूतीचा धोकाही वाढलेला दिसला.

दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली. परंतु सुट्या पानांपासून चुलीवर भाजलेल्या मिश्रीला ना वेष्टन असते, ना त्यावरील धोक्याची सूचना. समाजातील ‘व्यसनी’ची प्रतिमा दारू पिणाऱ्या पुरुषाची असल्याने मिश्री लावणारी स्त्री स्वतःला व्यसनी समजत नाही, आणि ‘तंबाखू खाता का?’ या दवाखान्यातील प्रश्नाला ती प्रामाणिकपणे नकार देते. आरोग्यसेविकेने ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?’ असे थेट विचारणे, हीच उपचाराची खरी पहिली पायरी होय. सोडताना पहिले काही दिवस विरहलक्षणे तीव्र असतात व पुढील काही आठवड्यांत ती ओसरतात. या काळात समुपदेशन, भरपूर पाणी व तंतुमय आहार उपयोगी पडतात, आणि गरजेनुसार डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनयुक्त गोळी किंवा च्युइंगमही देता येते. एकाच घरात सासू व सून दोघीही मिश्री लावत असतील, तर दोघींनी एकत्र सोडण्याचा प्रयत्न करणे अधिक सोपे जाते, कारण घरात भाजणे थांबल्याने तिचा वास आणि डबी दोन्ही नजरेआड होतात.