वांटणीच्या कागदांतील घरपट्टीची बाकी

एका भावानें इतरांचे वांटे पैसे देऊन घेतले व वडिलार्जित घर आपल्या एकट्याकडे राखलें, अशा मजकुराचे कागद संग्राहकांच्या दप्तरांत पुष्कळ आढळतात. ते वाचतांना आपली दृष्टि किंमत, चतुःसीमा व साक्षीदार यांवरच खिळते. मागील घरपट्टी कोणीं भरावयाची, हें कलम आम्हांस त्याहून महत्त्वाचें वाटतें.

मातापित्यांच्या पश्चात् पुत्रांनीं धन व ऋण दोन्ही सारखीं वांटून घ्यावीं, असें याज्ञवल्क्य सांगतो. या न्यायानें बाकी सर्वांची. परंतु त्याच स्मृतींत मद्य, काम व द्यूत यांपायीं झालेल्या पैतृक ऋणाबरोबर दंड व शुल्क यांचा राहिलेला अंशहि पुत्रानें देऊं नये असें म्हटलें आहे. मग घरपट्टी कशांत धरावी? व्यवहारप्रकरणांत शुल्क म्हणजे मुख्यत्वें नाक्यावरील मालाची जकात. घरावर सालोसाल बसणारा कर त्याहून निराळा, असें आमचें मत आहे. शब्दाचा आधार घेऊन बाकी टाळूं पाहणारे पंडित असतात; त्यांपैकीं एक आमच्याच घरांत निघाले, तें पुढें येईल.

मुंबईपुरता हा वाद १८८८ च्या महानगरपालिका कायद्याच्या २१२ व्या कलमानें वेगळ्याच बाजूनें सोडविला. सरकारचा जमीनमहसूल आधीं, त्यामागून मालमत्ताकराचा पहिला बोजा ज्या घरावर कर बसला त्या घरावरच. माणसें पांगलीं तरी बाकी वास्तूस चिकटून राहते.

१८९३ च्या वांटणी कायद्यानें, राहत्या घराचा वांटा घेतलेला परका मनुष्य वांटणी मागूं लागल्यास तो वांटा न्यायालयानें ठरविलेल्या किंमतीस घेण्याची मुभा घरच्या वांटेकऱ्यास दिली. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या २२ व्या कलमानें पहिल्या वर्गांतील सहवारसांस खरेदीचा अग्रहक्क दिला. दोहोंतहि किंमत ठरविण्याची तजवीज आहे; थकलेल्या पट्टीविषयीं शब्द नाहीं.

आमच्या तीर्थरूपांनीं मुंबईंतील घरांतले दोघां बंधूंचे वांटे घेतले. कागदांत बंधूंचें 'भरून पावलों' आहे, घरपट्टीचें नांव नाहीं. पुढें मागील सालांची बाकी निघाली, ती त्यांनीं एकट्यांनीं भरली. धाकट्या काकांकडे तिसरा हिस्सा मागितला, तेव्हां काकांनीं याज्ञवल्क्याचें तेंच शुल्काचें वचन सुवाच्य अक्षरांत लिहून पाठविलें. त्यानंतर दोन घरांचें जाणेंयेणें बंद झालें तें बंदच राहिलें. त्या वचनाचा अर्थ लावण्यास आम्ही पुढें संस्कृत शिकलों, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

कर भरल्याच्या सुट्या पावत्या वांटणीपत्राबरोबर बांधलेल्या सांपडल्यास संग्राहकांनीं त्या रद्दींत घालूं नयेत. त्याच रुमालांत ठेवाव्या आणि यादींत त्यांवरील साल व पैसे भरणाऱ्याचें नांव लिहावें. आमच्या रुमालांत कागद, काकांचें पत्र व पावत्या एकत्र आहेत. पावत्या सर्व तीर्थरूपांच्या नांवें आहेत.