नळाच्या पाइपाची दुसरी नोकरी

उपनगरांतल्या जमिनीत लोखंडी नळ आले ते पाण्यासाठी. विहारचे पाणी 1860 मध्ये आणि तानसाचे 1892 मध्ये मुंबईला मिळू लागले. तानसाच्या जलवाहिन्या आजही मुलुंड-घाटकोपरच्या बाजूला दिसतात. उपनगरांना वीज देणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी स्थापन झाली 1929 मध्ये. म्हणजे घरोघरी वीज पोचू लागली तेव्हा मैलोगणती पुरलेला धातू आयताच हाताशी होता. अर्थिंगची तार नळाला बांधली की झाले, असा जगभरच्या वायरमनचा हिशेब होता.

हा हिशेब निव्वळ आळसाचा नव्हता. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारख्या बेसाल्टवर वसलेल्या जागी जमिनीत एक सळई ठोकली आणि तिचा रोध 40 ओहम भरला, असे समजू. यंत्राच्या पत्र्याला 230 व्होल्टची तार चिकटली, तर ओहमच्या नियमाने प्रवाह येईल पावणेसहा अँपिअर. 15 अँपिअरचा फ्यूज यात वितळणार नाही आणि पत्रा मात्र 'जिवंत' राहील. पाइपांच्या जाळ्याचा रोध 2 ओहम असला तर प्रवाह शंभराच्या वर जातो आणि फ्यूज ताबडतोब जातो. 'वीज जमिनीत जिरते' असे आपण वर्गात सांगतो खरे, पण ती जिरत नाही. ती ज्या रोहित्रातून निघाली तिथेच परत जाते, आणि परतीची वाट जितकी सोपी तितका फ्यूज लवकर तुटतो.

पुरलेल्या धातूकडे परतीची वाट म्हणून पाहणारे आणखी कोणी होते. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. 1928 मध्ये बोरिवलीपर्यंत वीज गेली. प्रवाह होता 1500 व्होल्टचा, एकदिश, आणि तो परत जाई रुळांतून. रुळांतून थोडा प्रवाह जमिनीत झिरपतोच आणि वाटेत लोखंडी पाइप भेटला तर त्यातून जातो. तो पाइप सोडून जिथे बाहेर पडतो, तिथे फॅरडेच्या नियमाप्रमाणे लोखंड विरघळते: एक अँपिअर वर्षभर वाहिला तर सुमारे 9 किलो. (मुलांना हे गणित जरूर घालावे, सुंदर सुटते.) ट्राम धावणाऱ्या अमेरिकी शहरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच याचा धडा घेतला होता. आपल्या लोकलच्या मार्गांवर 2016 पर्यंत टप्प्याटप्प्याने 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला, त्यामुळे हा धोका पुष्कळच कमी झाला.

नळाची ही दुसरी नोकरी खरी सुटली ती प्लास्टिकमुळे. ब्रिटनच्या वायरिंग नियमांनी पाण्याच्या नळावर एकमेव अर्थिंग म्हणून विसंबण्यास 1966 मध्येच मनाई केली होती. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत मात्र दुरुस्ती तुकड्यातुकड्याने होते. समजा, तळमजल्यावरचा गंजलेला जी.आय. पाइप काढून प्लंबरने प्लास्टिकचा बसवला. वरचा उभा पाइप लोखंडीच राहिला आणि चौथ्या मजल्यावरच्या गिझरची अर्थिंगची तारही त्यालाच बांधलेली राहिली. आता तो गिझर बिघडला, तर तिसऱ्या मजल्यावर नळाला हात लावणाऱ्या बाईंना झटका बसतो, आणि त्यांच्या घरात तर काहीच बिघडलेले नसते!

पाइपातले पाणी वीज वाहून नेईल का? अर्ध्या इंची प्लास्टिक पाइपातल्या एक मीटर पाण्याचा रोध साधारणपणे दोन-तीन लाख ओहम भरतो. प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे अर्थिंग म्हणून कुचकामी. पण गिझरपासून दहा सेंटिमीटरवरच्या धातूच्या तोटीला हेच गणित लावा: आठ-दहा मिलिअँपिअर, चांगलाच चटका. म्हणून पाइप प्लास्टिकचे असले तरी गिझरच्या टाकीला स्वतःची अर्थिंगची तार लागतेच.

धातूचे पाइप उरले असतील तिथे नाते उलटे करायचे. पाइपाने घराला अर्थिंग द्यायचे नाही, घराच्या मुख्य अर्थिंगने पाइपाला जोडून घ्यायचे. तारेवर बसलेल्या चिमणीचे दोन्ही पाय एकाच विभवावर असतात. तसे गिझर आणि नळ एकाच विभवावर राहिले, तर दोन हातांमध्ये विभवांतर उरत नाही. याला समविभव जोडणी म्हणतात. ती पाइप इमारतीत शिरतो तिथे करतात, आणि वाटेत कुठे प्लास्टिकचा तुकडा असेल तर पलीकडच्या धातूलाही वेगळी तार द्यावी लागते. स्वयंपाकघरात आलेला गॅसचा लोखंडी पाइप अर्थिंग म्हणून वापरणे तर सर्वस्वी वर्ज्य. जोडीला 30 मिलिअँपिअरवर तुटणारा ई.एल.सी.बी. हवा, कारण साध्या फ्यूजला माणसातून जाणारा प्रवाह कळतच नाही.