तळटीप : सॅक पॅनिक

१. सॅक पॅनिक : लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधील सेवा बंद पाडणारा दोष. असा दोष हाती लागलेला माणूस काहीही न चोरता दुरूनच संगणक ठप्प करू शकतो. नेटफ्लिक्सचे अभियंते जोनाथन लूनी यांनी शोधलेला हा दोष १७ जून २०१९ रोजी जाहीर झाला, लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.२९ या आवृत्तीपासून तो होता. पाठवायच्या माहितीचे तुकडे मोजणारा आकडा १६ बिटांचा, म्हणजे कमाल ६५,५३५. समोरच्याने मुद्दाम फार लहान तुकडे मागून पोच विशिष्ट क्रमाने दिली, की मोजणी ही मर्यादा ओलांडे आणि कर्नल थांबे. त्यासाठी पासवर्डही लागत नसे. दोष जाहीर झाला तेव्हाच दुरुस्तीही देण्यात आली. सेवा अशी बंद पडण्याची झळ सामान्य माणसालाही बसू शकते : हातकणंगल्यातला शेतकरी आज सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन काढतो. अशा सेवेचा सर्व्हर बंद पडला, तर एकही नोंद चोरीला न जाता त्याच्या पीककर्जाचा कागद अडतो. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी सुरक्षा-दुरुस्त्या येताच बसवाव्यात; त्यात दिरंगाई करू नये. — संपा.