चारशे रुपयांचा फोन : आपल्या वसाहतीच्या टेलिफोनची पंचवीस वर्षं

स्मरणिकेसाठी लेख वाटून देताना रस्ता, पाणी, कंपाउंड, गणपती हे विषय इतरांनी आधीच घेतले. माझ्या वाट्याला टेलिफोन आला. कारण सांगायला नकोच. सेक्रेटरी असताना मी बिलं जपून ठेवायचो, ती फाइल अजून माझ्याकडे आहे. आणि 2021 साली आपल्यापैकी बहुतेकांनी फोन बदलले ते माझ्या कागदावर विश्वास ठेवून. त्या कागदाबद्दल मला काही सांगायचं आहे, पण ते शेवटी. आधी इतिहास.

आपली संस्था नोंदली गेली 2000 साली. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला दूरसंचार खात्याचं काम भारत संचार निगमकडे म्हणजे बीएसएनएलकडे गेलं. मुंबईसाठी 1986 पासून एमटीएनएल होतं, आपल्या भागात मात्र तोवर सगळं थेट खात्याकडेच होतं. त्यामुळे त्या काळी "कोणाचा फोन स्वस्त?" असा प्रश्नच पिशोरमध्ये कोणाला पडत नव्हता. प्रश्न एकच असायचा, "नंबर कधी लागणार?"

त्याआधी गावात बाजारपेठेतला एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी, काचेची खोली आणि भिंतीवर लाल आकडे पळवणारं मीटर. बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष त्या आकड्यांवर असायचं. खेड्यापाड्यात असे बूथ पोचले त्यामागे 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉटचं मोठं काम आहे. त्यांनी 128 लाइनचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती, धूळ आणि उन्हाळा ते सोसायचं. पहिलं एक्स्चेंज 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं.

आपल्या वसाहतीतला पहिला फोन पहिल्या चेअरमन साहेबांच्या घरी आला. 02435 हा कन्नडचा कोड आणि पुढे त्यांचा नंबर. तो नंबर लवकरच सगळ्या वसाहतीचा झाला. लग्नपत्रिकेवर, मुलांच्या कॉलेजच्या अर्जावर, नंबरापुढे कंसात "पी.पी." लिहून आम्ही तोच द्यायचो. निरोप आला की वहिनी गच्चीवरून हाक मारायच्या, "गुरुजी, पुण्याहून फोन आहे, पाच मिनिटांनी परत करणार आहेत!" चप्पल न घालता धावलेले आपण सगळेच आहोत. त्या घराने आठ-नऊ वर्षं हे विनातक्रार केलं. संस्थेच्या कुठल्याच ताळेबंदात त्याची नोंद नाही, म्हणून इथे करतो.

पुढे दोन-तीन वर्षांत घरोघरी फोन आले. बिल दोन महिन्यांनी यायचं. त्यात भाडं, कॉलचे पैसे आणि सेवा कर असे तीन भाग. हा सेवा कर देशात 1994 साली सुरू झाला तो ज्या तीन गोष्टींवर, त्यातली एक टेलिफोन. दर होता 5 टक्के. भाडं एक्स्चेंजच्या आकारावर ठरायचं, छोट्या एक्स्चेंजला कमी आणि मोठ्या शहराला जास्त. औरंगाबादचे नातेवाईक (तेव्हा नाव औरंगाबादच होतं) आपलं बिल पाहून चकित व्हायचे.

ही स्वस्ताई आकाशातून पडलेली नव्हती. खेड्यातल्या तांब्याच्या तारेचा खर्च भाड्यातून निघतच नव्हता. तो भरून काढायला 2003 पासून इतर कंपन्यांच्या कॉलवर एक वेगळा आकार घेतला जात होता, तो एप्रिल 2008 मध्ये बंद झाला. शिवाय 2002 पासून ग्रामीण सेवेसाठी एक स्वतंत्र निधी होता. म्हणजे मोठ्या शहरातला माणूस बोलायचा, त्यातला थोडा पैसा आपल्या तारेला लागायचा. स्वस्त वस्तूची किंमत कोणीतरी कुठेतरी भरत असतं, हे मी या फाइलमधून उशिरा शिकलो.

एसटीडीचे दर दिवसा जास्त आणि रात्री सवलतीचे. त्यामुळे पुण्यातल्या भावाशी बोलणं जेवणानंतरच व्हायचं. अद्रकवाले शेतकरी मात्र थांबू शकत नव्हते, त्यांना बाजारभाव सकाळीच हवा असायचा. त्यांच्या बिलातला एसटीडीचा आकडा आमच्यापेक्षा दुप्पट असायचा, आणि तो त्यांना परवडायचाही, कारण भाव न विचारता माल भरला तर एका गाडीतच त्याहून जास्त जात असे.

मग मोबाइल आला. 1 मे 2003 पासून मोबाइलवर येणारा कॉल फुकट झाला आणि हिशोब उलटला. 1 मार्च 2006 ला बीएसएनएल-एमटीएनएलने देशभर एक रुपया मिनिट असा दर आणला, तेव्हा दिवस-रात्रीचं गणितही संपलं. "घरच्या फोनचं भाडं कशाला भरायचं?" असं प्रत्येक घरात बोललं जाऊ लागलं. देशात 2006 च्या सुमाराला लँडलाइन चार कोटींवर होत्या, 2020 पर्यंत त्या दोन कोटींच्या आसपास आल्या. आपल्या वसाहतीतही एकेक करून फोन परत गेले.

जे राहिले ते इंटरनेटमुळे. केंद्राचं ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर 2004 चं. 256 केबीपीएस वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं असं त्यात ठरलं. आज हा आकडा मुलांना सांगितला तर हसतात. जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलची सेवा सुरू झाली, आपल्याकडे पोचायला आणखी काही वर्षं गेली. ती त्याच तांब्याच्या तारेवरून यायची, म्हणून इंटरनेट हवं तर फोन ठेवावाच लागे.

तेव्हाच्या योजनांत डेटाची मर्यादा असायची आणि ती ओलांडली की प्रत्येक एमबीला पैसे. पाचशे रुपयांच्या एका योजनेत रात्री 2 ते सकाळी 8 पर्यंतचा वापर मोजला जात नसे. त्यामुळे इंजिनिअरिंगला गेलेली आपली पोरं सुट्टीत घरी आली की गजर लावून दोन वाजता उठायची. एका घरातली आजी म्हणायची, "लेकरू अभ्यासाला उठतंय." त्या घराची सून आजीला काही सांगायची नाही. एकदा मर्यादेचा घोळ होऊन माझं बिल तिप्पट आलं, तेव्हापासून मी बिलाची प्रत्येक ओळ वाचायला लागलो.

2015 च्या मे महिन्यापासून बीएसएनएलच्या लँडलाइनवरून रात्री 9 ते सकाळी 7 कॉल फुकट झाले, पुढच्या वर्षी 15 ऑगस्टपासून रविवारही फुकट झाला. पण सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवरच कॉल फुकट झाल्यावर रविवारचं अप्रूप उरलं नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये ती रविवारची सवलतही गेली.

आता 2021. आदल्या वर्षी टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरली होती. तीन पोरांत एक मोबाइल, तोही गच्चीवर नेला तर रेंज. त्यामुळे फायबर जोडणी देणाऱ्या एका खाजगी कंपनीचा माणूस वसाहतीत आला तेव्हा सगळ्यांना ती हवी होती. सभेत निर्णय माझ्यावर सोपवला गेला. मी तुलनेचा कागद केला, तो आजही फाइलमध्ये आहे. माझ्याच घराचे आकडे देतो.

जुना फोन आणि ब्रॉडबँड मिळून करासह महिना 780 रुपये, म्हणजे वर्षाला 9,360. नवी जोडणी जाहिरातीत महिना 400. त्यावर जीएसटी 18 टक्के, म्हणजे 472, वर्षाचे 5,664. बसवण्याचे 1,000 धरून 6,664. राउटरची अनामत 1,500, पण ती परत मिळणार म्हणून धरली नाही. पहिल्याच वर्षी बचत 2,696 रुपये, वर वेग कितीतरी पट आणि कॉल फुकट. मी खाली लाल शाईने "बदलणे फायद्याचे" असं लिहिलं.

कोपऱ्यावरच्या घरातल्या काकांनी कागद नीट वाचला आणि विचारलं, "सेक्रेटरी साहेब, हिशोब बराबर हाय. पण लाइट गेल्यावर हा फोन वाजंल का?"

मी म्हणालो, "काका, मोबाइल आहे की प्रत्येकाच्या खिशात." सगळे हसले. काकांनी आपला जुना फोन ठेवला, बाकीच्यांनी परत केला.

पहिला धक्का नंबराचा होता. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवायची सोय जानेवारी 2011 मध्ये देशभर आली, पण ती मोबाइलसाठी. लँडलाइनला ती लागू नाही. मी गृहीत धरलं होतं की असेल. माझ्या मोठ्या बहिणीला डोळ्यांनी कमी दिसतं, तिला माझा तो एकच नंबर पाठ होता. नवा नंबर मी भाच्याला कळवला, तिला सांगायचं राहून गेलं. दोन महिने ती तोच नंबर फिरवत होती. शेवटी तिने भाच्याला विचारलं, "मामा माझ्यावर रागावला का रे?" हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

दुसरी गोष्ट 2022 च्या पावसाळ्यातली. संध्याकाळी वारा-वादळात लाइट गेली, ती रात्रभर आली नाही. घरोघरचे राउटर बंद, मध्यरात्रीपर्यंत टॉवरची बॅटरीही उतरली आणि मोबाइलची रेंज गेली. दोनच्या सुमाराला मधल्या ओळीतल्या एका घरात आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांचा मुलगा माझ्याकडे धावत आला, माझ्याकडे तीन फोन होते आणि तिन्ही मुके. आम्ही काकांचं दार वाजवलं. त्यांचा फोन चालू होता. 108 लागला, गाडी आली, आजोबा वेळेत कन्नडला पोचले. आज ते या समारंभाला पहिल्या रांगेत बसणार आहेत.

काकांचा फोन का चालला, हे मी नंतर समजून घेतलं. तांब्याच्या तारेतून बोलण्याबरोबर वीजही येते, साधारण 48 व्होल्टची, आणि एक्स्चेंजमध्ये त्यासाठी बॅटऱ्या असतात. घरातली लाइट गेली तरी फोनला फरक पडत नाही. फायबर म्हणजे काच. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. म्हणून घरातल्या डब्याला आपलीच वीज लागते. काका हे शास्त्र म्हणून बोलत नव्हते, लोडशेडिंगच्या वर्षांत त्यांनी ते पाहिलेलं होतं. आम्हीही पाहिलं होतं, पण विसरलो होतो.

त्यानंतर मी राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला, 1,500 रुपयांचा. कंपनीची योजना पुढे महाग झाली म्हणून जोडणी बदलली, तेव्हा अनामत परत मागायला गेलो तर माझ्याकडे पावतीच नव्हती. खातं बंद केल्यावर 60 दिवसांत अनामत परत द्यावी असा ट्रायचा 2009 चा नियम तेव्हा होता, पण पावती मी घेतली नव्हती, तेव्हा दोष माझाच. आता जुन्या कागदावर पुन्हा हिशोब करा. 2,696 मधून अनामतीचे 1,500 गेले, राहिले 1,196. त्यातून यूपीएसचे 1,500 गेले. पहिल्या वर्षी बचत नाहीच, उलट 304 रुपये तोटा.

फायबर घेणं चूक होतं असं मी म्हणत नाही. त्याच जोडणीवर वसाहतीतल्या मुली घरी बसून परीक्षेची तयारी करतात, दोघं-तिघं घरूनच नोकरी करतात. काकांनीही नंतर फायबर घेतलं, पण बीएसएनएलचंच, त्यामुळे त्यांचा जुना नंबर तसाच राहिला. हा मार्ग 2021 मध्ये मलाही मोकळा होता, मी विचारलंच नाही. चूक बदलण्यात नव्हती. मी महिन्याचे रुपये मोजले आणि फोन घरात कशासाठी असतो ते मोजलं नाही.

म्हणून पुढच्या सेक्रेटरींसाठी फाइलच्या पहिल्या पानावर मी नवा कागद लावला आहे. कोणी नवी योजना घेऊन आलं की विचारायचं : करासह बारा महिन्यांचे एकूण किती? वर्षानंतर दर काय? अनामत किती, आणि पावती कुठे? नंबर राहणार का? नसेल तर कोणाकोणाला कळवायचं, त्यांची यादी आधी करा. बँक, गॅस, विमा, आणि घरातली म्हातारी माणसं. आणि शेवटचा प्रश्न काकांचा : लाइट गेल्यावर फोन वाजंल का?

त्या प्रश्नापायीच संस्थेच्या ऑफिसातल्या राउटरला 2023 च्या सर्वसाधारण सभेने इन्व्हर्टर मंजूर केला. ऑफिसचा फोन आता रात्रीही चालतो, किल्ली शेजारच्या दोन घरी असते. नंबर दारावर मोठ्या अक्षरात रंगवला आहे. लिहून घ्या, आणि पत्रिकेवर छापायचा असेल तर पुढे कंसात "पी.पी." लिहायला विसरू नका.